सीमेवर फराळ पाठवणाऱ्या मंडळांना, सोसायट्यांना आणि शाळांना खुले पत्र

प्रति,
दिवाळीत जवानांना फराळ पाठवणारी गणेश मंडळे, गृहनिर्माण सोसायट्या, महिला मंडळे आणि शाळा

सप्रेम नमस्कार.

गणपती उठले की तुमच्या बैठका सुरू होतात. कोणी किती लाडू वळायचे, चकल्या कोणाकडे, खोकी कोण आणणार हे ठरतं. दसरा झाला की खोकी भरली जातात आणि वर ठळक अक्षरांत 'सीमेवरच्या जवानांसाठी' असं लिहिलं जातं. ती ज्यांच्या हातात पडतात ते आमचे नवरे, मुलगे, भाऊ, दीर. खोकं उघडलं की आपल्याकडच्या तळणाचा वास त्या बराकीत पसरतो आणि तेवढ्यावर चार दिवस गप्पा चालतात. तुमच्या या मायेचं मोल आम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच हे पत्र. मागणी दोन गोष्टींची आहे. फराळ पाठवायचा तर तो पोचेल, टिकेल असा पाठवा. आणि त्या मायेतला थोडा वाटा तुमच्याच गल्लीतल्या फौजी घराकडे वळवा.

आधी वेळेचं बोलू. अनंत चतुर्दशीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण ४५ दिवस असतात. त्यातला पहिला पंधरवडा पितृपक्षाचा. त्या दिवसांत घरात कढई चढवायला अनेकींचं मन घेत नाही, ते समजतं. पण मग घटस्थापनेच्या आठवड्यात पार्सल पोस्टात पडलंच पाहिजे. पार्सल युनिटपर्यंत पोचतं, पण युनिटपासून चौकीपर्यंतचा टप्पा ट्रकने, खेचराने, हेलिकॉप्टरने किंवा माणसाच्या पाठीवरून होतो, आणि ऑक्टोबरमध्ये वरच्या खिंडींत बर्फ पडायला लागतो. त्या वाटेवर आधी रॉकेल, औषधं, रेशन चढतं, मग लाडू. तसंच हवं. दसऱ्यानंतर निघालेला फराळ पुढच्या चौकीवर तुळशीच्या लग्नाला तरी पोचेल की नाही, याचा भरवसा नसतो.

पत्त्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. फौजी पत्त्यात गावाचं नाव नसतं. जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट, त्याखाली 'द्वारा ५६ एपीओ' किंवा 'द्वारा ९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन कोड, एवढंच लिहायचं. पहिल्या प्रकारचं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसमधून फुटतं, दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे पूर्वेकडचं, कोलकात्याहून. युनिट हललं तरी त्याच्या मागोमाग टपाल कुठे न्यायचं हे सैनिकी डाकसेवेला माहीत असतं. १ मार्च १९७२ पासून हे काम करणारं सैन्याचं स्वतंत्र दल आहे आणि त्याचं प्रशिक्षण केंद्र आपल्याच नागपूरजवळ कामठीला आहे. तेव्हा आपुलकीने म्हणून पत्त्यात 'लेह' किंवा 'तवांग' घालू नका. पार्सल भलत्याच थैलीत पडतं, शिवाय युनिट कुठे आहे ते उघड्यावर लिहिलं जातं. खासगी कुरिअर एपीओच्या पत्त्यावर जात नाही. पोस्टाचीच वाट धरायची.

'सर्व जवान बांधवांस' अशा नावाने पार्सल पाठवण्यात अर्थ नाही. सही करून घेणारं माणूस नसतं, आणि अनोळखी ठिकाणाहून आलेलं बंद खोकं सुरक्षेच्या कारणाने बाजूला पडतं. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात आधी जाऊन या, किंवा तुमच्या भागातल्या जवानाच्या घरी विचारा. त्याने युनिटमध्ये सांगून ठेवलं, की एका नावावर दहा-बारा जणांचं खोकं सुरळीत पोचतं. पार्सल तीन किलोंच्या आतलं असू द्या. दहा किलोंचं एक खोकं पाठीवर घेऊन चढण्यापेक्षा तीन-तीन किलोंची तीन खोकी तीन खेपांना चढवणं सोपं.

आता फराळ. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, तिकडे कोणी उपाशी नसतं. लंगरमध्ये, म्हणजे युनिटच्या भटारखान्यात, डाळ, भात, रोटी, भाजी पोटभर असते, सणाला सगळ्यांचं एकत्र जेवण, बडा खाना असतो. त्यांना हवी असते घरची चव, आणि ती महिनाभर टिकलेली. ओल्या नारळाच्या करंज्या, पाकातले रवा-नारळाचे लाडू, खव्याचं काहीही पाठवू नका. तीन-चार दिवसांत त्यांना आंबूस वास येतो. चिरोटे आणि अनारशांचा चुरा होतो. शेवेचीही तीच गत.

बेसनाचा लाडू टिकतो, पण तो पार्सलचा म्हणून वेगळा करावा लागतो. एक किलो जाडसर बेसनाला अर्धा किलो साजूक तूप. मंद आचेवर पाऊण तास तरी भाजायचं, पीठ हलकं होऊन तूप सोडू लागेपर्यंत. घरी खायच्या लाडवाला आपण दुधाचा हबका मारतो, त्याने तो रवाळ होतो. इथे हबका नको. दुधाचा अंश राहिला तर महिन्याच्या आत वास धरतो. भाजलेलं पीठ कोमट होऊ द्यायचं आणि मगच ८०० ग्रॅम पिठीसाखर घालायची. घाई करून गरम पिठात घातली तर साखर विरघळते, मिश्रण सैल पडतं आणि लाडू खाली बसून चपटे होतात. असे लाडू डब्यात एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. आणि आकार: घरी आपण ५० ग्रॅमच्या आसपासचा लाडू वळतो. थंडीत तूप गोठून तो इतका कडक होतो, की दाताने फुटत नाही. निम्मा करा, एका घासाचा. एवढ्या मापात नव्वदेक होतात. बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, डबा थोडा वेळ ठेवला की ते नरम येतात, हे तिकडच्यांना माहीत असतं.

शंकरपाळे सगळ्यात भरवशाचे. एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि दुधाऐवजी एक वाटी पाणी. उकळी आणून गार करायचं आणि त्यात मावेल तेवढा मैदा भिजवायचा, साधारण पाच वाट्या लागतो. तळताना आच मंद. मोठ्या आचेवर रंग पटकन येतो, आत मात्र ओल राहते आणि आठवड्यात शंकरपाळा मऊ पडतो. चकली पाठवायची तर गोल डब्यात एकावर एक रचून, मध्ये बटर पेपर घालून. वर्तमानपत्रात खाण्याची वस्तू गुंडाळू नका, शाई उतरते.

चिवड्यात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप आधी खवट होतात. त्याऐवजी डाळं दुप्पट घाला. कढीपत्ता हातात चुरडेल इतका कुरकुरीत तळा. पिठीसाखर टाळा, ती ओल धरते. आणि तळलेली कोणतीही वस्तू पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका. कढईतून काढल्यावर चार-पाच तास परातीत पसरून ठेवायची. कोमट असताना भरलं तर आतल्या आत वाफ धरते, दुसऱ्या दिवशी पिशवीला दव दिसतं आणि तिथेच सगळं संपतं.

पिशवीत हवा ठेवू नये, हे बहुतेकांना माहीत नसतं. लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३५०० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो, चौक्या तर त्याहून वर. इथे हवा भरून सील केलेली पिशवी तिकडे फुग्यासारखी टम्म होते आणि शिवण उसवते. म्हणून सील करण्याआधी पिशवी तळहाताने दाबून हवा काढा आणि पिशवी थोडी सैल राहू द्या. सगळं भरून झालं की खोकं कानाजवळ धरून हलवा. आत खडखडलं तर पुन्हा भरा.

गोडापेक्षा जास्त हाका चटण्यांना येतात. कारळ, जवस, लसूण-खोबरं, मेतकूट. वरणभातावर चमचाभर मेतकूट पडलं की जेवण घरचं होतं. दहा जणांच्या सेक्शनला २०० ग्रॅम एका प्रकारची, असे तीन प्रकार पुरतात. लसणाच्या चटणीत लसूण कच्चा घालू नका. काप करून कुरकुरीत तळून घ्या, नाहीतर बुरशी येते. पुडीवर नाव, घटक आणि केल्याची तारीख मराठीबरोबर हिंदीतही लिहा. आपल्या पोराशेजारच्या खाटेवर गढवालचा किंवा तमिळनाडूचा पोरगा असतो आणि डबा एकच असतो.

शाळांसाठी दोन शब्द. मुलांकडून पत्रं लिहून घेता ते फार चांगलं. पण फळ्यावर एकच मजकूर लिहून चाळीस जणांकडून उतरवून घेऊ नका. 'तुम्ही प्राण देता म्हणून आम्ही झोपतो' असली वाक्यं तर नकोतच. ज्याला रात्री पहाऱ्यावर जायचंय त्याने ते वाचून काय करावं? मुलाला सांगा, काल काय झालं ते लिही. पाऊस पडला का, भुईमूग काढला का, कबड्डीत कोण हरलं, शेळीला किती करडं झाली. अशी पत्रं चौकीवर हातोहात फिरतात आणि महिनोन्‌महिने खिशात राहतात.

आता दुसरं मागणं. युनिट फील्डमध्ये, म्हणजे सीमेकडच्या तैनातीवर गेलं की घरच्यांना सोबत नेता येत नाही. फील्डच्या त्या दोन-तीन वर्षांत कोणी गावी सासू-सासऱ्यांजवळ राहतं, कोणाला छावणीत वेगळ्या राहणाऱ्या कुटुंबांसाठीचं क्वार्टर मिळतं, बाकीच्या मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली, तिथे घरटी एक जण फौजेत असतो. कोल्हापूरकडे सैनिक टाकळीचं नावच सैनिक टाकळी आहे. अशा गावांत फौजी घर कसं चालतं हे कोणाला सांगावं लागत नाही. शहरातल्या सोसायटीत मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या बाईचा नवरा कुठे असतो, हे शेजाऱ्याला ध्वजदिनालाच कळतं.

फराळाची यादी करता तशी तुमच्या भागातल्या फौजी घरांची एक यादी करा. प्रत्येक घरामागे एक माणूस, एक फोन नंबर. काम मोठं नसतं. पाण्याची मोटर जळाली, सासऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यायचंय, नुकसानीच्या पंचनाम्याला तलाठी येणार आहेत आणि घरात फक्त सासू, अशा वेळी येईल असं एक माणूस. नोव्हेंबरात निवृत्त फौजी आणि वीरपत्नींना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्र पटकन घेत नाही, दोन-दोन खेपा होतात. कॉलेजची दोन मुलं सोबत गेली तरी पुष्कळ.

एक गोष्ट कळवळून सांगतो. टीव्हीवर चकमकीची बातमी लागली की 'यांचं युनिट तिथेच ना?' असं विचारायला येऊ नका. घरात मुलं ऐकत असतात. युनिट कुठे आहे ते सांगायचंही नसतं. दोन दिवस फोन आला नाही तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा हवा बिघडली, नेटवर्क गेलं किंवा बॅटरी चार्ज झाली नाही, एवढाच असतो. यायचंच असेल तर वाटीभर भाजी घेऊन या आणि पोरांच्या अभ्यासाबद्दल बोला.

आणि सुट्टी. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. ऐकायला खूप वाटते. ती तुकड्यांनी मिळते, युनिटमध्ये किती माणसं हजर आहेत त्यावर मिळते, दिवाळी किंवा जत्रा बघून मिळत नाही. एकदा घरी आला की सातबाऱ्यावरची नोंद, बँकेचं केवायसी, गळणारं छप्पर, बहिणीच्या लग्नाची बोलणी, सगळं त्याच महिन्यात. त्यात तुमचा सत्कार येतो. कार्यक्रम दीड तासाचा ठरतो, पण पाहुणे उशिरा येतात, भाषणं लांबतात, दिवस संपतो. सत्कार जरूर करा. फक्त पहिले चार दिवस आणि शेवटचे चार दिवस सोडून करा, बायको-मुलांना शेजारी बसवा, आणि त्याचे फोटो टाकताना युनिटचं आणि ठिकाणाचं नाव घालू नका. एसटीतून उतरल्या उतरल्या 'कधी आलास?' बरोबर 'कधी जाणार?' हेही विचारलं जातं. ते दुसरं वाक्य तेवढं गाळा. घरातलं लहान मूल ते ऐकून बोटांवर दिवस मोजायला लागतं.

त्या घरात दिवाळी कॅलेंडरावर नसते, तो येतो तेव्हा असते. त्याची तयारी ठेवावी लागते. चकलीची भाजणी दळून कोरड्या डब्यात भरली की दोन महिने राहते, तो आला की तळायची. उटणं कोरडंच ठेवायचं. आकाशकंदील घडी घालून प्लॅस्टिकमध्ये, फुलबाज्यांची एक पुडी तांदळाच्या डब्यात म्हणजे ती सादळत नाही. पहिल्या दिवशी काही करायचं नाही, तो झोपतो. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंग. जानेवारीत एखाद्या दारात कंदील दिसला, तर तिथे दिवाळी आहे असं समजा. पोरांना फटाका वाजवू द्या.

या घरांतलं सुख अगदी छोट्या गोष्टींत असतं. सुट्टीवर आलेल्या बापाची काळी ट्रंक उघडली की मुलं भोवती बसतात. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव लिहिलेलं, आत डांबरगोळ्यांचा आणि बुटाच्या पॉलिशचा वास. रविवारी सकाळी शाळेचे बूट बाहेर निघतात. आधी नाड्या काढायच्या, ब्रशने शिवणीतली धूळ झाडायची. पॉलिश पातळ, कापडाने, सगळीकडे सारखं. दहा मिनिटं वाळू द्यायचं, मग ब्रश लांब हात मारून. त्यानंतर कापूस पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, त्यावर जेमतेम पॉलिश घ्यायचं आणि टोकावर रुपयाच्या नाण्याएवढे गोल फिरवत राहायचं. पाणी जास्त झालं तर पांढुरका धूसरपणा येतो. घाईने जाड थर दिला तर बोटं वाकतात तिथे त्याला भेगा पडतात. पंधरा-वीस मिनिटांनी टोकात खिडकी दिसायला लागते आणि पोरगं त्यात आपले दात बघतं. सोमवारी ते बूट घालून ते शाळेत येतं, तेव्हा गुरुजी-बाई, दोन शब्द त्या बुटांबद्दल बोला. ते घरी जाऊन सांगितले जातात आणि संध्याकाळच्या फोनवर पुढे जातात.

सुट्टी संपते तेव्हा डबा बांधायचा असतो. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस संध्याकाळी सुटते, दोन रात्री गाडीत जातात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागते. पुढे ट्रान्झिट कॅम्पात किती मुक्काम पडेल ते हवेवर असतं. म्हणून डबा तीन भागांत. पहिल्या रात्रीला पोळी-भाजी. दुसऱ्या दिवसाला तिखटमिठाच्या पुऱ्या. तिसऱ्या दिवसाला दशमी, पाण्याचा थेंब न घालता नुसत्या दुधात पीठ भिजवून, तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली. गार झाल्यावर सुती फडक्यात बांधायची. डब्यात गरम घातली तर घाम येऊन ती चिकट होते. सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी. माप नेहमी दोन माणसांचं, कारण समोरच्या बर्थवर दुसरा कोणी फौजी असतोच आणि त्याचं घर कदाचित जास्त लांब असतं.

त्या दिवशी तुमच्या घाण्यातले पाच-सहा लाडू आमच्या दारात आणून दिलेत, तर ते तिसऱ्या दिवशी जम्मूला पोचलेले असतात.

कळावे, लोभ असावा.

आपल्या,
फौजी घरांतल्या आम्ही आया, बायका, बहिणी